ऑफ-रोड ट्रकच्या टायरांचा जाहिरातीतील आकार आणि प्रत्यक्ष आकार : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना

व्यवहारातील अनेक वस्तूंच्या नावात एखादी संख्या अंतर्भूत असते. परंतु ती संख्या म्हणजे त्या वस्तूचे माप असतेच असे नाही. 'नऊवारी' मागणारी ग्राहक स्त्री दुकानात लुगडे वाराने मोजून घेत नाही. तिच्या लेखी नऊवारी हे वस्त्रप्रकाराचे नाव असते. अमेरिकेतील घरबांधणीत सर्रास वापरली जाणारी 'टू बाय फोर' ही लाकडी पट्टी प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरते आणि तेथील सुताराला त्यात वावगे वाटत नाही. नाव आणि माप यांतील अंतर सर्व संबंधितांना ठाऊक असेल तोवर ते निरुपद्रवी असते. नावालाच माप समजून त्यावर पुढील आकडेमोड केली जाते, तेव्हा मात्र अडचण उद्भवते.

पक्का रस्ता सोडून वाळू, चिखल व खडकाळ भूभाग यांवरून चालविण्यासाठी सज्ज केलेल्या पिकअप ट्रक आणि जीपवर्गीय वाहनांची अमेरिकेत स्वतंत्र बाजारपेठ आहे. या वाहनांच्या टायरांची ओळख '३३', '३५', '३७' अशा इंचांतील आकड्यांनी करून दिली जाते. जाहिरातीतील हा आकडा टायरचा व्यास दर्शवितो, अशी खरेदीदाराची स्वाभाविक समजूत असते. प्रत्यक्षात '३५' म्हणून विकला जाणारा टायर फीत लावून मोजला असता बहुधा पूर्ण ३५ इंच भरत नाही. ही तफावत कोठून येते, ती कितपत समर्थनीय आहे आणि तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास वाहनावर कोणते परिणाम संभवतात, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आकारनिर्देशाच्या पद्धती

टायरच्या बाजूवर कोरलेला आकार ही एक सांकेतिक भाषा आहे, आणि ती एकच नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपचा टायर ६.००-१६ या नावाने ओळखला जाई. मुंबईत जुळणी झालेल्या जीपगाड्यांबरोबर हेच नाव भारतातही रूढ झाले. यातील पहिली संख्या टायरची इंचांतील ढोबळ रुंदी व दुसरी रिमचा व्यास सांगते. टायरच्या एकूण उंचीविषयी हे नाव काहीच बोलत नाही. ती जाणकाराने गृहीत धरावयाची असते.

आज प्रचलित असलेली मेट्रिक पद्धती अधिक काटेकोर, परंतु काहीशी विचित्र आहे. 'एलटी २८५/७० आर १७' या निर्देशात 'एलटी' म्हणजे हलका ट्रक, २८५ ही मिलिमीटरमधील छेदरुंदी, ७० म्हणजे बाजूच्या भिंतीच्या उंचीचे रुंदीशी असलेले शेकडा प्रमाण, 'आर' म्हणजे रेडियल रचना आणि १७ हा रिमचा इंचांतील व्यास होय. एकाच नावात मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तीन परिमाणे गुण्यागोविंदाने नांदतात. या निर्देशावरून व्यास काढता येतो : भिंतीची उंची २८५ च्या ७० टक्के, म्हणजे १९९.५ मि.मी.; वर व खाली मिळून ३९९; त्यात रिमचे ४३१.८ मिळविले असता ८३०.८ मि.मी., म्हणजेच ३२.७ इंच. जीप रँग्लरच्या २०१८ पासूनच्या पिढीतील रुबिकॉन या प्रकारावर हाच आकार बसविला गेला आणि त्याची जाहिरात '३३ इंची' अशी झाली. ३२.७ चे ३३ होणे हे पूर्णांकात आणण्याच्या सर्वमान्य नियमाला धरूनच आहे.

पुढचे उदाहरण मात्र तितके सरळ नाही. फोर्ड कंपनीने २०२१ पासून बाजारात आणलेल्या ब्रॉन्को या वाहनाच्या 'सॅसक्वॉच' पॅकेजचे मुख्य आकर्षण म्हणजे त्याचे ३५ इंची टायर. त्यांवरील निर्देश 'एलटी ३१५/७० आर १७' असा आहे. वरील पद्धतीने त्याचा व्यास ८७२.८ मि.मी., म्हणजे ३४.४ इंच येतो. शालेय गणिताच्या नियमाने याचा निकटतम पूर्णांक ३४ होईल. बाजारात तो ३५ होतो. म्हणजे येथे लागू होणारा नियम निकटतम पूर्णांकाचा नसून निकटतम वर्गाचा आहे. हे वर्ग कोठून आले, याचे उत्तर तिसऱ्या पद्धतीत सापडते.

ही तिसरी पद्धती 'फ्लोटेशन' या नावाने ओळखली जाते. १९६० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी भागात रुंद व कमी दाबाचे टायर लावून वाळूवर वाहने हाकण्याचा छंद फोफावला. असा टायर वाळूत रुतण्याऐवजी तिच्यावर जणू तरंगतो, म्हणून हे नाव. या टायरांचा निर्देश '३५×१२.५० आर १७ एलटी' असा असतो : प्रथम एकूण व्यास, नंतर छेदरुंदी, शेवटी रिम, आणि सर्व इंचांत. ३१×१०.५०, ३३×१२.५०, ३५×१२.५० हे या मालिकेतील सर्वाधिक खपाचे आकार असल्याने ३१, ३३, ३५, ३७ ही विषम संख्यांची शिडी ग्राहकांच्या मनात पक्की झाली. मेट्रिक पद्धतीचा टायर बाजारात आला की त्याला याच शिडीच्या एखाद्या पायरीवर बसविले जाते. ३४.४ ला पायरी नाही. खालची पायरी ३३ ची, वरची ३५ ची. विक्रेता कोणती निवडणार हे सांगावयास नको.

येथे अशी अपेक्षा होऊ शकते की, ज्या पद्धतीत व्यास स्पष्टपणे लिहिलेला असतो, त्या फ्लोटेशन पद्धतीत तरी तफावत नसावी. वस्तुस्थिती तशी नाही. '३५×१२.५० आर १७' असा निर्देश असलेल्या टायरांच्या उत्पादकांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या तपशीलपत्रकांत एकूण व्यास ३४.५ ते ३४.८ इंचांच्या दरम्यान दिलेला सहज आढळतो. '३१×१०.५० आर १५' हा टायरही बहुधा साडेतीस इंचांच्या आसपास असतो. याचा अर्थ उत्पादक माप लपवितात असा नाही. माप छापलेले असते. फक्त नाव मोठ्या अक्षरांत आणि माप कोष्टकाच्या पाचव्या-सहाव्या रकान्यात असते. दोष शोधावयाचाच झाला तर तो अक्षरांच्या आकारात आहे, आकड्यांत नाही. तरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. तफावत केवळ निर्मितिप्रक्रियेतील स्वाभाविक चढउतारामुळे असती, तर काही टायर नावापेक्षा लहान व तितकेच मोठे निघाले असते. ती प्रायः एकाच दिशेने असते, यावरून तिच्यामागे तंत्राइतकाच बाजाराचा हात आहे असे अनुमान काढणे गैर ठरू नये.

मापनाची प्रक्रिया

टायर हे हवेच्या दाबाने आकार घेणारे लवचीक पात्र असल्याने त्याचे माप कोणत्या स्थितीत घेतले, हे सांगितल्याशिवाय मापाला अर्थ नाही. अमेरिकेत ही स्थिती ठरविण्याचे काम प्रामुख्याने 'टायर अँड रिम असोसिएशन' ही उद्योगसंस्था करते. प्रत्येक आकारासाठी मापनाची रिम किती रुंद असावी व अपेक्षित परिमाणे काय असावीत, हे तिच्या वार्षिक ग्रंथात दिलेले असते. वापरात आल्यावर टायर काहीसा फुगतो, हेही त्यात लक्षात घेतलेले असते.

शासकीय पातळीवर, सदोष टायरांमुळे झालेल्या अपघातांच्या पार्श्वभूमीवर नोव्हेंबर २००० मध्ये अमेरिकेत 'ट्रेड' कायदा अस्तित्वात आला. त्याच्या अनुषंगाने हलक्या वाहनांच्या रेडियल टायरांसाठी संघीय सुरक्षा मानक क्र. १३९ तयार झाले. त्यातील मापनविधी साधा आणि पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शोभेल असा आहे. टायर मापनाच्या रिमवर चढवून नियत दाबाची हवा भरावयाची. खोलीच्या तापमानात २४ तास ठेवावयाचा. दाब पुन्हा जुळवावयाचा. मग परिघावर सहा ठिकाणी कॅलिपरने रुंदी मोजून सरासरी घ्यावयाची. व्यास मात्र थेट मोजला जात नाही. टायरचा महत्तम परीघ फितीने मोजून त्यास ३.१४ ने भागले जाते. या मानकातील रुंदीची मर्यादा ही कमाल मर्यादा आहे. टायर नावापेक्षा फार रुंद असल्यास तो वाहनाच्या भागांवर घासू शकतो, म्हणून ती घातलेली आहे. जाहिरातीतील आकडा खरेदीदाराच्या पदरात पुरेपूर पडावा, हा तिचा हेतू नाही.

प्रवासी वाहनांच्या टायरांसाठी युरोपादी देशांत लागू असलेली संयुक्त राष्ट्रांची नियमावली क्र. ३० या बाबतीत अधिक बोलकी आहे. रेडियल टायरच्या भिंतींची एकत्रित उंची सूत्राने येणाऱ्या उंचीच्या ०.९७ पट ते सर्वसाधारण टायरसाठी १.०४ पट असू शकते, असे ती मानते. २८५/७० आर १७ हाच आकार घेतल्यास किमान व्यास सुमारे ८१९ आणि कमाल सुमारे ८४७ मि.मी. येतो. म्हणजे एकच नाव धारण करणारे, दोन्ही नियमात बसणारे दोन टायर एकमेकांपेक्षा तब्बल १.१ इंचाने भिन्न असू शकतात.

या साऱ्यात रिमचा आकडा तरी अचल असेल असे वाटते. पण तोही नावच आहे. मानक रिमवर टायर जेथे बसतो त्या जागेचा व्यास '१६' या नावासाठी ४०५.६ मि.मी. (१५.९७ इंच) आणि '१७' या नावासाठी ४३६.६ मि.मी. (१७.१९ इंच) असतो. नावांत एका इंचाचा फरक, प्रत्यक्षात ३१ मिलिमीटरांचा.

वाहनावर बसल्यानंतर

आतापर्यंत विचारात घेतलेला व्यास हा भार नसलेल्या, नव्या टायरचा होता. वाहनाला उपयोगी पडणारा टायर भाराखाली असतो, वेगळ्या रिमवर असतो आणि दररोज झिजत असतो.

प्रथम रिमचा विचार करू. ३५×१२.५० या टायरची छेदरुंदी दहा इंच रुंदीच्या रिमवर मोजलेली असते. रिमच्या रुंदीत होणाऱ्या बदलाच्या सुमारे ०.४ पट बदल टायरच्या रुंदीत होतो, असा मान्य ठोकताळा आहे. साडेआठ इंची रिमवर तोच टायर चढविल्यास रुंदी सुमारे ०.६ इंचाने घटून ११.९ च्या घरात येते. शिवाय १२.५० हा आकडा दोन्ही भिंतींमधील सर्वांत फुगीर भागाचा आहे. जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या पट्ट्याची रुंदी त्याहून बरीच कमी असते. साडेबारा इंच रबर जमिनीला धरून राहील, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

भाराखाली टायर खालच्या बाजूने चपटा होतो आणि जमिनीपासून आसापर्यंतचे अंतर व्यासाच्या निम्म्याहून कमी भरते. ही भारित त्रिज्या होय. येथे एक सूक्ष्म, पण वारंवार होणारा गोंधळ आहे. भारित त्रिज्येची दुप्पट करून चाकाच्या एका फेरीत कापले जाणारे अंतर काढण्याचा मोह होतो. परंतु रेडियल टायरच्या नक्षीखाली पोलादी तारांचा पट्टा असतो आणि त्याची लांबी भाराखाली फारशी आकसत नाही. रणगाड्याच्या साखळीप्रमाणे तो जमिनीवर पसरत जातो. परिणामतः एका फेरीतील अंतर हे भारित त्रिज्येवरून येणाऱ्या उत्तरापेक्षा जास्त, पण मुक्त परिघापेक्षा सुमारे तीन टक्क्यांनी कमी असते. '३५' या नावावरून हिशेब केल्यास मैलाला ५७६ फेऱ्या येतात, ३४.५ इंच या प्रत्यक्ष व्यासावरून ५८५ येतात. आणि तपशीलपत्रकात मैलामागील फेऱ्यांचा आकडा ६०० च्या आसपास छापलेला असतो. एकाच टायरचे हे तीन 'आकार' आहेत, आणि वाहनाच्या यंत्रणेला त्यांपैकी फक्त तिसरा कळतो.

झिजेचा परिणाम तर बहुतेकांच्या हिशेबातच नसतो. चिखलासाठीच्या टायरच्या नक्षीची खोली नवेपणी एक इंचाचे अठरा बत्तिसांश, काहींची त्याहूनही अधिक असते. ती दोन बत्तिसांशांवर आली की टायर बदलण्याची वेळ आली असे झीजदर्शक खुणा सांगतात. म्हणजे त्रिज्येत अर्धा इंच आणि व्यासात पूर्ण एक इंच घट. नवा असताना ३४.५ इंच भरणारा टायर गॅरेजच्या भाषेत 'गोटा' होईपर्यंत ३३.५ वर आलेला असतो. जाहिरातीतील ज्या अर्ध्या इंचाबद्दल ग्राहक नाराज होतो, त्याच्या दुप्पट इंच तो स्वतःच रस्त्यावर घासून टाकतो.

व्यावहारिक परिणाम

वेगमापकावरील परिणाम सर्वांत सहज दिसतो. २०१८ पूर्वीच्या पिढीतील रँग्लर रुबिकॉनवर एलटी २५५/७५ आर १७, म्हणजे ३२.१ इंचांचे टायर कारखान्यातून येत. त्या जागी एलटी ३१५/७० आर १७ बसविले आणि संगणकात दुरुस्ती केली नाही, तर वेगमापक ताशी ६० मैल दाखवीत असताना गाडी सुमारे ६४ मैलांनी धावत असते. दुरुस्ती करणारा मालक बहुधा जाहिरातीतील '३५' हा आकडा भरतो. तसे केल्यास चूक उलट दिशेने होते : ६० दिसत असताना प्रत्यक्ष वेग ५९ पेक्षाही किंचित कमी, आणि दर हजार मैलांमागे सुमारे वीस मैल न कापताच नोंदले जातात. इंधनाचा हिशेब मांडणाऱ्याला मग गाडी आहे त्याहून काटकसरी भासते.

चारचाकी चालन असलेल्या वाहनांत प्रश्न केवळ हिशेबाचा राहत नाही. या वाहनांच्या ट्रान्सफर केसमध्ये चारचाकी चालन जोडले की पुढचा व मागचा आस एकाच गतीने फिरण्यास बांधले जातात. अनेक ट्रक आणि जीपगाड्यांत दोहोंमधील फरक सामावून घेणारे मधले डिफरन्शियल नसते. समजा, पुढे एका उत्पादकाचे ३४.५ इंचांचे आणि मागे दुसऱ्याचे ३४.८ इंचांचे टायर आहेत, आणि दोन्हींचे नाव '३५' आहे. प्रत्येक मैलात मागची चाके पुढच्यांपेक्षा सुमारे ४५ फूट अधिक अंतर कापू पाहतील. सैल वाळूत टायर घसरून हा ताण निघून जातो. टणक, कोरड्या पृष्ठभागावर तो निघून जाण्यास वाट नसते आणि दांडे, सांधे व दातेरी चाके तो सोसतात. त्यामुळेच अशा वाहनांत चारचाकी चालन कोरड्या पक्क्या रस्त्यावर वापरू नये, अशी सूचना दिलेली असते. बेजोड टायर लावले की निसरड्या भूभागावरही ही मुभा आक्रसत जाते.

जमिनीपासूनची उंची, म्हणजे ज्यासाठी बहुतेक खरेदीदार मोठे टायर घेतात ती गोष्ट, हा याहून गमतीचा विषय आहे. व्यासातील वाढीचा निम्माच लाभ आसाला मिळतो. नावाने ३३ वरून ३५ वर जाणाऱ्याला एक इंच अपेक्षित असतो. वर उल्लेखिलेल्या दोन मेट्रिक आकारांत तो ०.८ इंच मिळतो. त्यानंतर तोच मालक वाळूत वा खडकात शिरण्यापूर्वी हवेचा दाब पस्तीस-चाळीस पीएसआयवरून पंधरा-अठरापर्यंत उतरवितो, कारण टायर पसरून पकड वाढावी हाच ऑफ-रोड चालकाचा मुख्य उपाय आहे. आणि मिळविलेल्या उंचीचा मोठा भाग तेथेच खर्ची पडतो. खडकावर लागणारा प्रत्यक्ष निकष हा दाब उतरविलेल्या स्थितीतील भारित त्रिज्या हाच आहे. तो कोणत्याही जाहिरातीत येत नाही, आणि दाब व भार प्रत्येक मालकाचा वेगळा असल्याने येऊही शकणार नाही.

तो मोजणे मात्र कठीण नाही. वाहन नेहमीच्या सामानासह सपाट जागी उभे करून जमिनीपासून आसाच्या मध्यापर्यंतचे अंतर घेतले की भारित त्रिज्या मिळते. टायरवर व जमिनीवर खडूची खूण करून गाडी सरळ रेषेत दहा फेऱ्यांइतकी हळूहळू पुढे नेली आणि अंतराला दहाने भागले की वेगमापकाला हवे असणारे अंतर मिळते. एका फेरीऐवजी दहा घेतल्याने खूण वाचण्यातील चूक दहापटीने कमी होते. हीच कृती पाचव्या टायरवर, म्हणजे स्टेपनीवर केल्यास बहुधा आश्चर्यकारक फरक हाती येतो. वर्षानुवर्षे मागच्या दारावर टांगलेली, एकदाही न वापरलेली स्टेपनी पूर्ण नक्षीची असते, तर तिचे चारही सोबती अर्धे झिजलेले असतात. दुर्गम भागात एक टायर फाटल्यावर ती लावली, तर नावाने व उत्पादकाने तंतोतंत जुळणारी ही जोडी अर्ध्या इंचाने बेजोड असते, आणि तीही चारचाकी चालन अपरिहार्य असलेल्या ठिकाणी. म्हणून अनुभवी मालक टायरांची अदलाबदल करताना चार नव्हे, पाच टायर आळीपाळीने फिरवितात.